उकडीचे मोदक दुसऱ्या दिवशी दगड! गोडधोड टिकवायचं तरी कसं?

डोंबिवलीकरीण | २९ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:१२

परवा चतुर्थीला ६१ मोदक वळले. २१ नैवेद्याचे, बाकीचे पाहुण्यांसाठी. पाऊस असा लागला की निम्मे पाहुणे आलेच नाहीत आणि रात्री २४ मोदक उरले. हवाबंद डब्यात भरून फ्रिजात ठेवले. काल काढले तर पारी कडक, नाकं तडकलेली, दोन मोदकांना तर खालून भेग. मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर फिरवले, तर कडा वातड झाल्या आणि आतला गूळ पाघळून ताटलीत आला. सासूबाई म्हणाल्या, "मोदक काय फ्रिजात ठेवायची गोष्ट आहे?" बाहेर ठेवायचे तर मला ओल्या नारळाची धास्ती.

ते असो. खरा प्रश्न पुढे आहे. रविवारी गौरी येतायत. सोमवारी पुरणपोळी, शिवाय ओल्या नारळाच्या करंज्या आणि बेसनाचे लाडू. मला सुट्टी फक्त सोमवारची. यातलं आधी काय करून ठेवता येईल आणि कुठे ठेवू?

पातेलंभर | २९ ऑगस्ट, १०:२०

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

मुक्काम_पोस्ट_चिपळूण | २९ ऑगस्ट, १०:५५

सासूबाई बरोबर आहेत, पण अर्ध्याच. उकडीचा मोदक मुळात ठेवायचा पदार्थच नाही, तो चाळणीतून पानात यायला हवा. पण ठेवायचं असतं ते सारण! नारळ-गुळाचं सारण चांगलं परतून, कोरडं करून ठेवा. फ्रिजात ५-६ दिवस काही होत नाही. हवे तेव्हा चार वाट्या पीठ घ्या, उकड काढा, गरम गरम मोदक करा. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती नव्हता कधी, गौरीबरोबर जायचा. रोज ११ मोदक लागायचे, आईने सगळे एकदम वळून ठेवलेत असं कधी पाहिलं नाही.

उरलेच तर ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर बाहेर, सकाळी उभे दोन भाग करून तव्यावर तुपात खरपूस परतायचे. आम्हा पोरांची त्यावर मारामारी. ताज्या मोदकापेक्षा मला तेच आवडायचे हे आईला कधी सांगितलं नाही.

रसायनवाला | २९ ऑगस्ट, ११:४०

खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबण लावतो.

तांदळाच्या पिठाची उकड काढता तेव्हा त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, म्हणून पारी मऊ आणि लवचीक होते. गार होताना स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीत ओळीला लागतात आणि प्यायलेलं पाणी बाहेर ढकलतात. पारी कडक होते ती वाळून नव्हे, या रांगेमुळे. डबा कितीही हवाबंद असला तरी उपयोग नाही तो त्यामुळेच. आणि गंमत अशी की ही रांग सगळ्यात भरभर लागते ती फ्रिजच्या तापमानाला, ४ अंशांच्या आसपास. बाहेर त्यापेक्षा सावकाश, आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना जवळजवळ थांबतेच. शिळा भात आणि फ्रिजातला पाव, दोघांचं दुखणं हेच.

उलट वाफ दिली की रांग बरीचशी मोडते. म्हणून कडक मोदक मायक्रोवेव्हमध्ये नुसता फिरवू नका, तिथे उरलंसुरलं पाणीही उडून जातं. केळीच्या किंवा हळदीच्या पानावर ठेवा, पाण्याचा हबका मारा आणि मोदकपात्रात ७-८ मिनिटं पुन्हा वाफवा. पहिल्यासारखे होणार नाहीत, पण खाण्याजोगे नक्की होतील.

ठेवायचेच असतील तर वाफवून, पूर्ण गार करून, एकमेकांना न चिकटता ताटात मांडून फ्रीझरमध्ये. घट्ट झाले की पिशवीत भरा. काढल्यावर बाहेर विरघळत ठेवू नका, गोठलेलेच उकळत्या पाण्यावर चढवा.

आणि ओल्या नारळाची धास्ती रास्त आहे. मुंबईकडच्या भाद्रपदातल्या हवेत रात्रभर बाहेर ठेवणं मी तरी टाळेन. तांदळाच्या शिजवलेल्या पदार्थात वाढणारे काही जिवाणू असे असतात की त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. चिपळूणकर, माफ करा.

मुक्काम_पोस्ट_चिपळूण | २९ ऑगस्ट, ११:५२

माफ केलं. पण आम्ही पन्नास वर्षं खाल्ले.

रसायनवाला | २९ ऑगस्ट, ११:५८

ज्यांना सोसले नाहीत ते प्रतिसाद द्यायला इथे येत नाहीत. :)

शेवंतीची_वेणी | २९ ऑगस्ट, दुपारी १२:३०

उकडीच्या पिठात मूठभर साबुदाण्याचं पीठ घालून बघा, किंवा चिकट जातीचा तांदूळ मिसळा. पारी उशिरापर्यंत मऊ राहते. आंबेमोहोर नवा असेल तर आणखी बरं. जुन्या, सुट्ट्या शिजणाऱ्या तांदळाची पारी संध्याकाळीच कडक होते.

रसायनवाला | २९ ऑगस्ट, १२:४१

+१. ज्या तांदळाचा भात सुटा होतो त्याची रांग लवकर लागते, ज्याचा चिकट होतो त्याची सावकाश.

एडिसनचा_बंड्या | २९ ऑगस्ट, १२:५०

इथे न्यू जर्सीत झोपायची वेळ टळून गेलीय, तरी लिहितो. आमचा अख्खा सण फ्रीझरवर चालतो. महाराष्ट्र मंडळाचा गणपती शनिवार-रविवार बघून बसतो, त्यामुळे बायको तीन आठवडे आधी सारण करते, सपाट पिशव्यांत भरते, वर तारीख लिहिते. पुरणाचंही तेच. गोळा करून ठेवलं तर मध्यभागी गोठायला आणि सुटायलाही अर्धा दिवस जातो. पाटीसारखं सपाट ठेवलं की तासाभरात हातात येतं. पिशवीतली हवा मात्र पिळून काढा, नाहीतर वर बर्फाचा भुगा जमतो आणि पुरणाला फ्रीझरचा वास लागतो.

पातेलंभर | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

रुमाल उचलतो.

आमच्याकडे माझ्या आईचा एक डाव आहे, पितळी. पुरण शिजलं की नाही ते त्या डावाने ठरतं. पुरणात उभा केला आणि उभाच राहिला तर गॅस बंद. कलंडला तर अजून आटवा. लहानपणी ही गंमत वाटायची. आता कळतं की पोळी लाटताना फुटू नये एवढंच त्यात नव्हतं, पुरण टिकण्याचाही प्रश्न होता. सैल पुरण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबूस लागतं, आटवलेलं त्याच स्वयंपाकघरात आणखी एक दिवस काढतं.

पोळीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक: तव्यावरून उतरवली की एकावर एक चळत लावायची आणि वर झाकण. आत वाफ कोंडते, झाकणाचं पाणी पोळ्यांवर ठिबकतं आणि तिसऱ्या दिवशी मधल्या पोळीवर काळे ठिपके. पोळी आधी फडक्यावर एकेकटी पसरा, पार गार होऊ द्या, मग चळत. मध्ये कागद घातलात तर फ्रीझरमधून सुट्या निघतात. गार तव्यावर टाकू नका, तवा तापलेला हवा, तूप सढळ.

कट मात्र जपा. डाळीचं पाणी पुरणाच्याही आधी जातं. आमटी त्याच दिवशी उकळून ठेवा आणि कोमट झाली की फ्रिजात. दुसऱ्या दिवशी जास्त लागते हे वेगळं सांगायला नको.

डोंबिवलीकरीण | २९ ऑगस्ट, रात्री ९:०५

बापरे, केवढी माहिती! उद्या शनिवारी रात्री पुरण करून फ्रीझरमध्ये टाकते. पण घरात वाद सुरू झालाय: गौरीच्या नैवेद्याला फ्रीझरमधलं पुरण कसं चालेल?

मुक्काम_पोस्ट_चिपळूण | २९ ऑगस्ट, ९:२०

त्याला वादच कशाला? नैवेद्यापुरतं वाटीभर डाळीचं पुरण सकाळी ताजं करा, पाच पोळ्या होतात. माणसांना फ्रीझरचं घाला. आमच्याकडे गौरीला घावन-घाटलं असतं, ते शिळं करताच येत नाही, म्हणून हा वाद आमच्या घरात कधी झाला नाही. दुसरे बरेच झाले.

हळदीचं_पान | ३० ऑगस्ट, सकाळी ८:१०

करंज्यांबद्दल कोणीच बोललं नाही. मी मडगावची, आमच्याकडे नेवऱ्या. दोन प्रकार वेगळे धरा. सुक्या खोबऱ्याच्या, रवा-खसखस घातलेल्या करंज्या पंधरा-वीस दिवस राहतात. ओल्या नारळाच्या दीड दिवस, फार तर दोन. वरून दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून माणूस फसतो.

ओलं सारण बिघडल्याची पहिली खूण बुरशी नव्हे. आधी साबणासारखी चव येते. जिभेच्या शेंड्याला लागते. ती आली की टाकून द्यायचं, तळलं म्हणून सुधारत नाही.

रसायनवाला | ३० ऑगस्ट, ८:४५

हळदीचं_पान यांची जीभ बरोबर सांगते. ओल्या खोबऱ्यात निम्म्याला थोडं कमी पाणीच असतं, आणि तेलही भरपूर. पाणी आणि काही विकरं (एन्झाइम्स) मिळून ते तेल फोडतात, आणि खोबरेलातलं मुख्य आम्ल मोकळं होतं. ते लॉरिक आम्ल, ज्याचे साबण बनतात. म्हणजे ती चव साबणासारखी लागते ती उगीच नव्हे.

सगळ्याच गोडाला एक प्रश्न विचारा: यात मोकळं पाणी किती? साखर आणि गूळ पाणी धरून ठेवतात, म्हणून मोरांबा वर्षभर राहतो. पण पुरणात किंवा ओल्या सारणात जेवढी साखर घालतो तेवढीने सगळं पाणी बांधलं जात नाही. "गोड आहे, टिकेल" हा हिशेब तिथे चुकतो. बेसनाच्या लाडवात पाणी जवळजवळ नाहीच. नीट कढवलेल्या तुपात अर्ध्या टक्क्याहून कमी, भाजलेलं बेसन कोरडं, पिठीसाखर कोरडी. तिथे जिवाणूंना प्यायलाच काही नाही. त्या लाडवाचा शत्रू वेगळा: हवा आणि उजेड. त्यांनी तूप खवट होतं. म्हणून स्टीलचा डबा, घट्ट झाकण, अंधारं फडताळ. फ्रिजची गरज नाही.

शेवंतीची_वेणी | ३० ऑगस्ट, ९:३०

बेसन भाजताना दुधाचा हबका मारतात रवाळ व्हायला. मग पाणी आलंच की!

रसायनवाला | ३० ऑगस्ट, ९:४१

बेसन चांगलं तापलेलं असताना हबका मारला आणि फेस बसेपर्यंत परतलं तर पाणी उडून जातं. शेवटी, गॅस बंद करून मारला तर राहतं. आणि लाडू वळत नाही म्हणून दुधाचा हात लावून वळले, तर ते लाडू चार दिवसांत संपवा. तूप लावून वळा.

पातेलंभर | ३० ऑगस्ट, १०:०५

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी: एफएसएसएआयने (म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा खात्याने) १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईपुढे 'या तारखेपर्यंत खावी' अशी पाटी लावणं बंधनकारक केलं. त्यांच्या मार्गदर्शक यादीत कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाई २ दिवस, आणि बेसनाचा लाडू ३० दिवस. बघा, रसायनवाल्यांचा पाण्याचा हिशेबच आहे तो. तरी घरच्या बेसन लाडवाला ३० दिवस लागत नाहीत, आमच्याकडे ३० तासही नाहीत.

ताकसांडगे | ३० ऑगस्ट, ११:१५

लाडवावर जरा बुरशी आली तर वरचा थर काढून खातो आम्ही. काही होत नाही.

रसायनवाला | ३० ऑगस्ट, ११:२०

कृपया नका हो. वर दिसतो तो फक्त मोहोर, धागे आत गेलेले असतात. त्यातून शेंगदाण्याचा लाडू असेल तर अजिबातच नको. शेंगदाण्यावरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन सोडतात, त्याने यकृताची वाट लागते आणि ते भाजूनही पुरतं जात नाही.

ताकसांडगे | ३० ऑगस्ट, ११:३२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मुक्काम_पोस्ट_चिपळूण | ३० ऑगस्ट, दुपारी ४:४०

टिकवण्याचा विषय निघालाच आहे तर अनारशाचं नाव कसं नाही? २०२३ साली अधिक महिना श्रावणात आला. थोरल्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं, जावयाला ३३ अनारसे द्यायचे. आणि बाहेर आमच्या कोकणातला श्रावण! तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, इथवर ठीक. मग फडक्यावर पसरले, तर ते वाळेचनात. अनारशाला तांदूळ दमट हवेत, हाताला ओल लागेल इतपत, पण ओले नकोत. पंख्याखाली घातले, पंखा रात्रभर, वीज दोनदा गेली. सकाळी कुटून गूळ घातला तर पीठ जे सुटलं! पहिला अनारसा तुपात सोडला आणि हसला. हसला म्हणजे जाळी होऊन कढईभर पसरला. दुसराही. तिसऱ्याला मी रडायला आले.

शेवटी शेजारच्या आजी धावून आल्या. त्यांच्याकडे चैत्रात केलेल्या पिठाचे गोळे होते, तूप लावून बरणीत दाबून ठेवलेले. त्यात माझं पीठ थोडं थोडं मळलं, पुन्हा दोन दिवस झाकून ठेवलं, आणि मग झाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: अनारशात तळलेला पदार्थ साठवायचा नसतो, पीठ साठवायचं असतं. गुळातलं ते पीठ जितकं मुरतं तितकं चांगलं. आता मी उन्हात करून ठेवते, बरणी फ्रिजात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मे महिन्यात लागतोय, त्यामुळे त्या खेपेला पंख्याला सुट्टी.

शेवंतीची_वेणी | ३० ऑगस्ट, ५:०२

काकू, ३३ पैकी किती पोचले?

मुक्काम_पोस्ट_चिपळूण | ३० ऑगस्ट, ५:१०

३३ पोचले. हसलेले आम्ही दुधात कुस्करून खाल्ले. ते मोजायचे नसतात.

हळदीचं_पान | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:२५

अवांतर: श्रीखंड किंवा कैरीचं काही पितळी भांड्यात ठेवू नका, कल्हई गेलेली असेल तर कळकतं. माझ्या एका मैत्रिणीने हौसेने आजीच्या जुन्या पितळी डब्यात आम्रखंड भरलं. दुसऱ्या दिवशी कडेने हिरवट. सगळं टाकलं. काच किंवा स्टील बरं.

एडिसनचा_बंड्या | ३० ऑगस्ट, रात्री ८:३०

डब्यावरून आठवलं. प्लॅस्टिकच्या डब्याचा भूतकाळ तपासून घ्या. आईने भारतातून बेसनाचे लाडू पाठवले, आम्ही ते लसणीच्या चिवड्याच्या रिकाम्या डब्यात काढले. धुतलेल्या! पंधरा दिवस घरात लसणीचे लाडू.

आणि एक महत्त्वाचं. लाडू, चिरोटे, शंकरपाळे असं कोरडं काही फ्रीझरमध्ये किंवा फ्रिजात ठेवलंच असेल, तर काढल्याबरोबर उघडू नका. गार पदार्थाला बाहेरची दमट हवा लागली की त्यावर दव धरतं आणि खुसखुशीत शंकरपाळा तासाभरात सादळतो. डबा किंवा पिशवी बंद तशीच तीन-चार तास ओट्यावर, आतलं बाहेरच्याइतकं झालं की मगच उघडायचं. इथल्या हिवाळ्यात घरात हीटर असतो, हवा कोरडी ठाक, तेव्हा कळत नाही. पण पावसाळ्यात पुण्याला आलो होतो तेव्हा चिरोट्यांचा रबर करून बसलो.

डोंबिवलीकरीण | ३ सप्टेंबर, सकाळी ७:५०

मंडळी, गौरी काल गेल्या. हिशेब देते.

पुरण शनिवारी रात्री केलं, डाव उभा राहीपर्यंत. (आमचा स्टीलचा, हलका आहे, तो लवकर उभा राहतो का काय कोण जाणे.) सपाट पिशव्या, फ्रीझर. सोमवारी सकाळी नैवेद्याचं ताजं, बाकीचं फ्रीझरचं. जाऊबाईंनी दोन्ही पोळ्या खाल्ल्या आणि ताजी कुठली ते चुकीचं ओळखलं. सासूबाईंनी बरोबर ओळखलं, पण मला वाटतं त्यांनी मला पिशवी काढताना पाहिलं होतं.

करंज्यांचं सारण आधी केलं, करंज्या सोमवारी दुपारी तळल्या. ११ उरल्या, त्यातल्या सहा झाकून बाहेर राहिल्या. काल रात्री एक तोंडात टाकली आणि हळदीचं_पान ताई, साबण! जिभेच्या शेंड्यालाच. बाकीच्या पाच टाकल्या. फ्रिजातल्या ठीक आहेत, आज संपतील.

जुने कडक मोदक वाफवून बघितले. १४ चांगले मऊ झाले, बाकीचे चिपळूणकर काकूंच्या पद्धतीने कापून तुपात परतले. मुलाने विचारलं, हे आपण दरवर्षी का करत नाही?

राहिले बेसनाचे लाडू. तूप लावून वळले, स्टीलचा डबा, फडताळात. आज सकाळी बघते तर फडताळ रिकामं. डबा फ्रिजात, अगदी मागे. सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस घरात फ्रिज-फ्रिज चाललंय, म्हटलं हेही ठेवावेत." आता काय करू?

एडिसनचा_बंड्या | ३ सप्टेंबर, ८:०४

झाकण उघडलं नाहीये ना अजून?

डोंबिवलीकरीण | ३ सप्टेंबर, ८:०६

नाही.

एडिसनचा_बंड्या | ३ सप्टेंबर, ८:०७

मग तसाच बाहेर काढून ओट्यावर ठेवा आणि ऑफिसला जा. दुपारपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका.

डोंबिवलीकरीण | ३ सप्टेंबर, ८:३१

काढला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, "मग मी चहाबरोबर काय खाऊ?"